सामान गेलं तर चालतं, शिकलेलं गेलं की डोकं फिरतं

आमचा एक साधा नियम होता, जिना तोडायचा आणि वर झोपायचं. झॉम्बीवाला सर्व्हायवल गेम, नाव सांगत नाही कारण मुद्दा त्या एका गेमचा नाहीये, मी आणि माझा एक मित्र रोज रात्री दीड-दोन तास खेळायचो आणि दोनमजली घर सापडलं की सगळ्यात आधी खालचा जिना हातोड्याने फोडायचा, मग खाली कितीही गर्दी जमू दे, आपण वर निवांत. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वेळा झोपेतच मेलो तेव्हा सुचलं. मग एक मोठं अपडेट आलं, आम्ही नेहमीसारखा जिना फोडला, वर गेलो, आणि खालची मंडळी थोडा वेळ घुटमळून सरळ खांब फोडायला लागली. मजला, पलंग, पेट्या, आम्ही दोघं, सगळं धाडकन खाली. मित्र हेडफोनवर एवढंच म्हणाला, "अरे ही काय चीटिंग आहे?"

असं मोठं अपडेट आलं की पुढचे आठ दिवस काय होणार हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पहिल्या दिवशी "गेम संपला". दुसऱ्या दिवशी दोन-अडीच हजार तास खेळलेला कुणीतरी "शिफारस करत नाही" असा रिव्ह्यू टाकतो आणि बाकीचे त्याच्यावर हसतात की बाबा, अडीच हजार तास काय जबरदस्तीने खेळत होतास का. मग डेव्हलपरच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन गट पडतात आणि शेवटी कोणीतरी शहाणा येऊन निकाल देतो, की लोकांना बदलच नको असतो, माणसाचा स्वभाव आहे, सोडा.

मला हे पटत नाही. म्हणजे थोडं खरं आहे, पण फार सोयीचं आहे, विशेषतः गेम बनवणाऱ्यांच्या सोयीचं, कारण एकदा "लोक काहीही केलं तरी ओरडतात" असं ठरवलं की कुणाचंच ऐकायला नको.

रस्ट हा ऑनलाइन सर्व्हायवल गेम बघा. रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेटबरोबर वाइप होतो, म्हणजे नकाशा नवीन, आणि तुम्ही रात्र रात्र जागून बांधलेला बेस, पेट्यांतली सल्फर, बंदुका, दरवाजे, सगळं साफ. महिनाभराची कमाई एका झटक्यात शून्य, आणि लोक रडतात का? उलट त्या गुरुवारसाठी सुट्टी काढतात. पहिल्या तासात समुद्रकिनाऱ्यावर हातात दगड घेऊन पळणाऱ्या नागड्यांची ही गर्दी असते. म्हणजे ज्या माणसांबद्दल आपण म्हणतो की यांना बदल सहन होत नाही, तीच माणसं दर महिन्याला स्वतःचं घर आनंदाने पुसू देतात. आणि याच रस्टमध्ये जून २०२२ मध्ये बंदुकांचा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटल्यावर बंदूक उडते तो झटका, बदलला तेव्हा केवढा गहजब झाला. त्याआधी एके-४७ सारखी बंदूक ठराविक रेषेत उडायची, ती रेषा लोकांनी सरावाच्या सर्व्हरवर शेकडो तास घालवून हातात बसवली होती, डोळे मिटून माउस खाली ओढता येईल इतकी. तीच रेषा ठराविक असल्यामुळे चीटिंगवाल्यांना माउस आपोआप ओढणारी स्क्रिप्ट लिहिणंही सोपं जायचं, म्हणून ती काढली, कारण चांगलं होतं, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण बघा ना, त्या दिवशी कुणाच्या पेटीतली एक गोळीसुद्धा गेली नव्हती. फक्त हाताला जे माहीत होतं ते निरुपयोगी झालं, आणि ते दरमहा घर जाण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्या मते सगळा मामला इथे आहे. बाकीचे गेम तुम्हाला गोष्ट देतात, लेव्हल देतात, ट्रॉफी देतात. सर्व्हायवल गेम सुरुवातीला काहीच देत नाही, अज्ञान देतो आणि वर थंडी आणि भूक. कोणती बेरी खाल्ली की पोटात मुरडा येतो, लांडगा किती लांबून वास घेतो, रात्री आग पेटवली तर कोण कोण येतं, हे एकेक मरण देऊन विकत घ्यायचं. मेल्यावर पाठीवरची बॅग जाते, डोक्यातलं तेवढं पुढच्या खेळात बरोबर येतं. तीच खेळाडूची खरी इस्टेट. आता अपडेट नेमकं तिथेच हात घालतं. डेव्हलपरला वाटतं आपण दोन आकडे बदलले, खेळाडूला वाटतं माझी वीस मरणं फुकट गेली.

मग काय, काही बदलूच नये? तसं अजिबात म्हणत नाहीये. शिकलेलं पुसलं गेल्याचा राग खरा असतो पण तो जातो, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जातो, कारण परत अडाणी होण्यात पण एक मजा असतेच आणि खरं सांगायचं तर तीच मजा घ्यायला आपण आलो होतो. वालहाइम हा सर्व्हायवल गेम फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, पाच जणांच्या टीमने बनवलेला, आणि महिनाभरात पन्नास लाख कॉपी विकल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये पहिलं मोठं अपडेट आलं आणि त्यात जेवणच बदललं. आधी चांगलं अन्न म्हणजे चांगलं अन्न, तीन सगळ्यात भारी पदार्थ खायचे आणि निघायचं, तब्येत पण वाढायची आणि दम पण. नंतर तब्येतीचं जेवण वेगळं, दमाचं वेगळं. दोन्हीसाठी तीनच जागा. पहिल्या आठवड्यात कुऱ्हाड फिरवता फिरवता लोक धापा टाकत होते आणि तितक्याच धापा टाकत तक्रारी लिहीत होते. मग हळूहळू कळलं की आता जेवताना विचार करावा लागतो, आज लढायला चाललोय का लाकडं तोडायला, धनुष्यवाल्याचं ताट वेगळं, ढालवाल्याचं वेगळं. आज जुनं जेवण परत आणा म्हणणारा मला तरी भेटत नाही.

माइनक्राफ्टचं पण तसंच. आज खेळणाऱ्या पोराला सांगा की पूर्वी माइनक्राफ्टमध्ये भूक हा प्रकारच नव्हता, ब्रेड खाल्ला की डायरेक्ट हृदयं भरायची, तर तो हसेल. भूक सप्टेंबर २०११ च्या बीटा १.८ मध्ये आली, पळणं पण त्याच अपडेटमध्ये आलं. तेव्हा ज्यांना ते अजिबात आवडलं नाही त्यांच्यातले काही आजही त्याच्या आधीचं व्हर्जन लावून खेळतात, तो गट आहे आणि खूष आहे, त्यांच्याकडे परत येतो. पण बाकी जग पुढे गेलं, आणि चांगलं झालं.

तर हा झाला एक राग, जाणारा. दुसरा राग जात नाही. आणि माझी तक्रार ही आहे की गेम बनवणारे दोन्ही राग एकाच पोत्यात भरतात.

दुसऱ्या रागाचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे काचेची बरणी. ७ डेज टू डाय या झॉम्बीवाल्या गेममध्ये आधी असं होतं की रिकामी बरणी घ्यायची, तळ्यावर भरायची, विस्तवावर उकळायची, प्यायची, बरणी परत रिकामी, परत भरा. जून २०२३ च्या अल्फा २१ या व्हर्जनमध्ये रिकामी बरणीच काढून टाकली. कारण त्यांचं काय, तर पहिल्या दिवसानंतर पाण्याची काही किंमतच उरत नव्हती, तळं दिसलं की जन्माचं पाणी भरून घेतलं, मग तहान हा प्रकार ठेवलाय कशाला. कारण शंभर टक्के बरोबर आहे, यावर माझं काही म्हणणं नाही. पण केलं काय? मग तुम्ही घरं शोधायची, संडासात वगैरे गढूळ पाण्याची भरलेली बरणी मिळायची, ती उकळायची, प्यायची, आणि बरणी नाहीशी व्हायची. हातातली काचेची बरणी, प्यायल्याबरोबर हवेत. तुम्ही तळ्याच्या काठावर उभे असायचात, गुडघाभर पाण्यात, वाटलं तर ओणवं होऊन ओंजळीने पिऊ शकायचात, पण भरून नेता यायचं नाही, कारण ज्यात भरायचं ती वस्तू जगातून रद्द झाली होती. त्याऐवजी दव गोळा करायचं एक यंत्र बांधायचं आणि त्याचा फिल्टर दुकानदाराकडून विकत आणायचा.

बरं, अवघड झालं म्हणून चिडावं तर तसंही नाही, सवय झालेले खेळाडू सांगायचे की पाण्याचं फार काही अडत नाही. मग वर्षं उलटली तरी लोक बरणी बरणी का करत होते, मॉडवाल्यांनी, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल घालणाऱ्या खेळाडूंनी, ती परत का आणली? कारण ती गोष्ट डोक्यात बसतच नाही. वालहाइमच्या जेवणात मी जे शिकलो ते चुकीचं ठरलं, ठीक आहे, नवीन शिकेन. बरणीच्या बाबतीत मी शिकू काय? जग असं चालतं हे शिकायचं नाहीये, गेम बनवणाऱ्याला काय नको आहे हे शिकायचंय. सर्व्हायवल गेम जगाशी भांडायला खेळतात लोक, थंडीशी, भुकेशी. मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाशी भांडायला नाही. तो माणूस एकदा पडद्यामागे दिसला ना, की मग तो दिसतच राहतो.

हेच बरणी फुटू देऊन करता आलं असतं. मारामारीत पडलात की चार बरण्या फुटल्या, भरलेली बरणी जड, दहाच्या वर उचलता येत नाही, उकळायला लाकूड जास्त लागतं, तळ्याचं पाणीच खराब करा वाटलं तर. पाणी तितकंच महाग झालं असतं आणि शिव्या आठ दिवसांत संपल्या असत्या. मी काही गेम डिझायनर नाही, यातलं एखादं कदाचित चाललं नसतं, पण दिशा कळतेय ना?

आमच्या जिन्याला पण हाच न्याय लावून बघितला मी. त्या रात्री मी पण भरपूर बडबडलो होतो. पण दोन दिवसांनी विचार केला की अरे, खाली पन्नास जणं आहेत, वर जेवण आहे, जिना नाही, खांब आहेत, तर ते खांबच फोडणार ना? मीही तेच केलं असतं. पटलं. मग आम्ही खांबाभोवती भिंत घालायला लागलो, मग ती पुरेना म्हणून खंदक, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की तो खंदकाचा महिना आम्ही खेळलेला सगळ्यात भारी महिना होता. मित्राचं वेगळं, त्याच्याकडे पण येतोच.

आता डेव्हलपरची बाजू, कारण ती पण नीट मांडली जात नाही. आपण खेळाडू लोक काही साधे नसतो. सोपी वाट मिळाली की आपण ती इतकी तुडवतो की गेमच कंटाळवाणा होतो आणि मग कंटाळा आला म्हणून परत आपणच ओरडतो. त्याच ७ डेज मध्ये एकेकाळी काम करून कौशल्य वाढायचं, कुऱ्हाड बनवा, कुऱ्हाड बनवण्याचं कौशल्य वाढेल. कल्पना किती छान. लोकांनी काय केलं, तर एका कोपऱ्यात उभं राहून दगडी कुऱ्हाडी बनवल्या, शेकड्यांनी, ज्या कुणाला नको होत्या. बाहेर झॉम्बी, आत कारखाना. ते बघून कुठल्याही बनवणाऱ्याचा जीव कासावीस होणार. अल्फा १७ मध्ये त्यांनी ती पद्धतच काढली, त्यावरही वाद झाले, पण ती वेळ आपणच आणली होती हे कबूल करायला पाहिजे.

आणि ओरडण्याची भाषा. एका आकड्यासाठी माणसाच्या घरच्यांपर्यंत जाणारे लोक आहेत, त्यांचं काही समर्थन नाही. वर त्याचा तोटा पण आपल्यालाच होतो, कारण शंभर शिव्यांमध्ये ती एक कामाची तक्रार कुणाला सापडणार?

पण डेव्हलपरांचं एक वाक्य मला अजिबात चालत नाही, ते म्हणजे "गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, बदलणारच, लिहिलेलं आहे तिथे". अर्ली ॲक्सेस म्हणजे अर्धवट असतानाच विकायला काढलेला गेम. लिहिलेलं आहे, मान्य. पण ७ डेज डिसेंबर २०१३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि १.०, म्हणजे पूर्ण, झाला जुलै २०२४ ला. साडेदहा वर्षं. पहिलीतलं पोरगं कॉलेजात जायच्या वयाला येतं इतक्यात. साडेदहा वर्षं लोक ज्यात राहिले त्याला कच्चं बांधकाम म्हणून कसं चालेल. पाटी काहीही लावा, माणसं राहायला आली की ते घर झालं, आणि राहत्या घराची भिंत पाडताना आतल्यांना विचारायची पद्धत असते.

विचारायचं म्हणजे मतदान घ्या असं नाही म्हणत. मतदान घेतलं तर वालहाइमचं जेवण कधीच बदललं नसतं. चुकलं तर उलटं फिरायची तयारी, एवढंच. परत रस्टच बघा. जुलै २०१६ मध्ये ब्लूप्रिंट, म्हणजे वस्तू बनवायच्या कृती, काढून एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि लेव्हल आणल्या, नोव्हेंबरपर्यंत त्या उचलून फेकल्या आणि सुट्या भागांची पद्धत आणली, जुलै २०१७ मध्ये ब्लूप्रिंट परत. एका वर्षात तीनदा पाया उकरला. काही जण याला गोंधळ म्हणतात, मला उलट त्यामुळेच त्यांच्यावर विश्वास बसतो, चार महिन्यांत "हे जमलं नाही" म्हणायला हिंमत लागते, विशेषतः त्यात स्वतःचे एवढे कष्ट गेलेले असताना.

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या दुसऱ्या झॉम्बी गेमने अजून वेगळं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये बिल्ड ४२ हे नवीन व्हर्जन आणलं ते वेगळ्या अनस्टेबल, म्हणजे अजून कच्च्या, शाखेत. ज्याला पाहिजे त्याने जा, बाकीचे ४१ वर आहेत तिथे राहा, तुमचे मॉड, तुमचे सेव्ह, सगळं जागच्या जागी. ४२ मध्ये एक प्रकार आला, शस्त्र फिरवून फिरवून हात भरून येतो आणि मग वार हलके पडतात. त्यावर भरपूर बोंबाबोंब झाली. पण नीट वाचलं तर त्यातले बरेच जण "हात दुखूच नये" म्हणत नव्हते, "इतक्या लवकर नको" म्हणत होते, कारण पन्नास झॉम्बी मारल्यावर हात दुखणार हे कुणालाही पटतं. म्हणजे हा आकड्याचा राग, आणि आकडा सेटिंगमधून कमी-जास्त करायची सोय झाली की बरीचशी हवा निघून जाते. बरणीवाला राग आकड्याने मिटत नाही. तक्रारी वाचायला बसणाऱ्याने एवढा फरक तरी करावा, की हा माणूस म्हणतोय "अवघड झालं", हा म्हणतोय "माझं शिकलेलं गेलं", आणि हा म्हणतोय "हे खोटं वाटतं". पहिल्याला सेटिंग द्या, दुसऱ्याला तीन आठवडे द्या, तिसऱ्यासमोर मात्र खुर्ची ओढून बसा.

आणि जुनं व्हर्जन ठेवा. याच्यावर मी हट्टी आहे. माइनक्राफ्टमध्ये फेब्रुवारी २०१६ ला १.९ आलं, लढाई बदलली, आधी जितक्या जोरात क्लिक कराल तितके वार, नंतर प्रत्येक वारानंतर थांबायचं, नाहीतर वार हलका. विचार करून लढायला लावणारा बदल, पण ज्यांची बोटं क्लिकवर तयार झाली होती त्यांच्यासाठी तो गेमच राहिला नाही, आणि ते त्याच्या आधीच्या १.८ वर राहिले (मघाचं बीटा १.८ वेगळं, ते २०११ चं). लढाईचे कितीतरी सर्व्हर अजूनही जुन्याच पद्धतीने चालतात. लाँचरमधून जुनं व्हर्जन निवडता येतं म्हणून हे जमलं. कुणाचं काय बिघडलं? नवीनवाले नवीन खेळतात, जुनेवाले जुनं. याच्या उलट आर्क, डायनासोर पाळायचा सर्व्हायवल गेम. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवीन इंजिनवर नवीन गेम आला, परत पैसे द्यायचे, आणि जुन्याचे अधिकृत सर्व्हर त्याच सुमारास बंद. वर्षानुवर्षं पाळलेले डायनासोर ज्यांचे होते त्यांना "बदल स्वीकारा" म्हणणं मला तरी जमलं नसतं.

यावर एक खरा आक्षेप आहे, की दोन व्हर्जन ठेवली की लोक विभागले जातात, दोन्हीकडे दुरुस्त्या कोण करणार. बरोबर आहे, म्हणून दुरुस्त्या करूच नका. जुनं जसं आहे तसं, बगसकट, कुलूप न लावता ठेवून द्या. त्या लोकांना नवीन काही नकोच आहे, तीच तर गंमत आहे. राहिला विभागण्याचा प्रश्न, तो मात्र खरा आहे, आणि त्याचा चटका मला स्वतःला बसलाय.

कारण माझा मित्र जुन्यावर गेला. खंदकाचा महिना आम्ही दोघांनी खेळला, मला वाटलं त्याला पण आवडलं, मग एक दिवस म्हणाला की तू खेळ, मी जुनं लावतो. मी त्याला माझी सगळी थिअरी ऐकवली, की बघ हा बदल जगाच्या नियमाला धरून आहे, खांब फोडणं लॉजिकल आहे, तुझा राग जाणारा राग आहे वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अरे मी दिवसभर डोकं चालवून येतो, मला रात्री जिना तोडून वर बसायचं असतं, बस. मला खंदक नकोय.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. तो शिकत नव्हताच, त्याचं शिकून झालं होतं, आणि शिकलेलं वापरून तो आराम करत होता. माझ्या दोन रागांच्या हिशोबात तो कुठेच बसत नाही.

आता आम्ही एकाच वेळी ऑनलाइन असतो, हेडफोन लावून, गेम एकच आणि व्हर्जन दोन. मी चौथ्या खांबाला तिसरी भिंत घालत असतो आणि मध्येच त्याचा आवाज येतो, "चल, तोडला जिना, झोपतो मी."